ग्राफिक्स टॅब्लेट कपाटात का जातो?

मा. संपादक,
स. न.

डिजिटल चित्रकला किंवा फोटो संपादन शिकू पाहणाऱ्याला ग्राफिक्स टॅब्लेट घ्यायचा सल्ला हल्ली सगळीकडून मिळतो, आणि तो योग्यच आहे. माउसला बटण दाबलेले आणि सोडलेले एवढेच कळते. हाताचा जोर, पेनाचा कल, रेषेच्या शेवटी हलकेच उचललेले बोट हे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. पण हा सल्ला खरेदीपाशी थांबतो. टॅब्लेट घरी येतो, चार दिवस रेषा वेड्यावाकड्या उमटतात, ‘आपला हात यावर बसत नाही’ असा समज होतो आणि टॅब्लेट कपाटात जातो. यात बहुतेकदा हाताचा दोष नसतो आणि टॅब्लेटचाही नसतो. दोष जुळणीचा असतो. अर्ध्या तासात होणाऱ्या या जुळणीविषयी मराठीत नेमके लिहिलेले फारसे आढळत नाही, म्हणून हे लांबलेले पत्र.

येथे ‘टॅब्लेट’ म्हणजे संगणकाला जोडायची, पडदा नसलेली, पेनाने रेखाटायची सपाट पाटी. हात पाटीवर आणि नजर समोरच्या पडद्यावर, असे काम असते. स्वतःचा पडदा असलेल्या प्रकाराविषयी पुढे थोडे येईल.

आधी पेन कसे चालते ते पाहू, कारण पुढच्या अर्ध्या तक्रारींचे मूळ तिथेच आहे. बहुतेक टॅब्लेटच्या पेनात बॅटरी नसते. पाटीच्या पृष्ठभागाखाली तारांच्या वेटोळ्यांची जाळी असते; ती क्षणात विद्युतचुंबकीय लहर सोडते आणि क्षणात तिचा प्रतिसाद ऐकते. पेनातही एक वेटोळे असते. ते त्या लहरीतूनच शक्ती घेते आणि आपल्या ठरावीक वारंवारितेने उत्तर देते. शेजारशेजारच्या तारांवर हे उत्तर किती जोरात ऐकू आले यावरून पेनाची जागा कळते, आणि टोकावर दाब आला की ती वारंवारिता किंचित सरकते, त्यावरून दाब कळतो. म्हणून पाटीला न टेकताही, साधारण 10 मिलिमीटर उंचीपर्यंत, कर्सर पेनाबरोबर फिरतो. आणि म्हणूनच मोबाइलचा चार्जर, स्पीकरमधले चुंबक किंवा धातूचे टेबल जवळ असेल तर रेषा थरथरते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर तीच रेषा ओढून पाहा. थरथर थांबली, तर बिघाड टॅब्लेटमध्ये नाही.

आता जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा घेऊ: दाबाच्या पातळ्या. कुठे 2048, कुठे 8192, अलीकडे 16384. तुलनात्मक लेखांत बहुधा हाच रकाना पहिला असतो, आणि तोच सर्वांत निरुपयोगी. 8 बिटच्या चित्रात एका रंगवाहिनीत (लाल, हिरवा किंवा निळा) छटाच 256 असतात. ब्रशची जाडी 40 पिक्सेल असेल तर 2048 पातळ्यांतच एका पिक्सेलच्या वाट्याला पन्नासेक पातळ्या येतात. त्यांच्या चारशे झाल्या तर डोळ्याला कळणार नाही, हातालाही कळणार नाही.

कळते ते वेगळेच: रेषा सुरू व्हायला किमान किती दाब लागतो. चांगल्या पेनाला एखादा ग्रॅम पुरतो. कामचलाऊ पेनाला पाच-दहा ग्रॅमही लागतात. फरक किरकोळ वाटेल, पण फोटोतल्या गालावर सावलीची अगदी फिकट छटा द्यायची असते तेव्हा सगळे काम याच पहिल्या दहा ग्रॅमांत होते. जड सुरुवातीचे पेन तिथे मुकेच राहते, आणि जोर वाढवला की एकदम ओरडते. याची चाचणी सोपी आहे. पेन शेपटाकडून दोन बोटांत अलगद धरा आणि केवळ त्याच्या वजनाने टोक पाटीवर टेकू द्या. तसेच ओढल्यावर बारीक रेषा उमटली तर पेन उत्तम. दुसरी चाचणी तिरक्या रेषेची. पट्टी तिरकी ठेवून तिच्या कडेने पेन अगदी सावकाश ओढा, आणि रेषा आपोआप गुळगुळीत करणारे सॉफ्टवेअरचे स्टॅबिलायझर व स्मूदिंग हे पर्याय त्या वेळी बंद ठेवा. रेषेत ठरावीक अंतरावर लाटा दिसल्या तर तो जाळीच्या मोजणीतला दोष आहे. कोणत्याही सेटिंगने तो पुरता जात नाही, झाकता येतो इतकेच.

‘एका इंचात 5080 रेषा’ हा आकडाही असाच. त्याचा अर्थ एका मिलिमीटरमध्ये पेनाच्या 200 जागा वेगळ्या ओळखता येणे. हाताला इतकी सूक्ष्म हालचाल मुळी करताच येत नाही. तुलनेच्या तक्त्यात या दोन रकान्यांच्या जागी आपल्या पुरवणीने रेखाटनक्षेत्राची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, रेषा सुरू व्हायला लागणारा दाब आणि ड्रायव्हरची (टॅब्लेट संगणकाशी जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरची) शेवटची आवृत्ती कधी निघाली हे छापावे, अशी मनापासून विनंती आहे. घेणाऱ्याचे नुकसान खरोखर टळेल.

रेखाटनक्षेत्राबद्दल जरा सविस्तर बोलायला हवे. 27 इंची पडदा सुमारे 598 मिलिमीटर रुंद असतो. लहान टॅब्लेटचे क्षेत्र साधारण 152 मिलिमीटर रुंद. म्हणजे हात एक मिलिमीटर हलला की कर्सर जवळजवळ चार मिलिमीटर हलतो आणि हाताची थरथरही चौपट होऊन दिसते. 254 मिलिमीटर रुंदीच्या मध्यम टॅब्लेटवर हेच प्रमाण 2.35 होते. उलट 15.6 इंची लॅपटॉपच्या 345 मिलिमीटरच्या पडद्यावर तोच लहान टॅब्लेट 2.27 पटीने चालतो, म्हणजे मोठ्या पडद्यावरच्या मध्यम टॅब्लेटइतकाच सुखाचा. ‘लहान घ्यावा की मध्यम’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून आपल्या पडद्याच्या रुंदीत आहे. पटीचा आकडा अडीचच्या आसपास ठेवावा. फार मोठाही नको. खांद्यातून हात फिरवत दिवसभर मास्क (चित्राचा कोणता भाग दिसावा आणि कोणता झाकावा हे ठरवणारा थर) रंगवणे दमवणारे असते. हाताशी असलेला टॅब्लेट लहानच असेल तर चित्र 200 टक्के मोठे करून काम करा. पडद्यावर थरथर तेवढीच राहते, पण चित्रात ती निम्मी उतरते.

यापुढची चूक मात्र इतकी सर्रास आढळते की टॅब्लेट सोडून देण्याचे पहिले कारण तीच असावी. टॅब्लेटचे आणि पडद्याचे लांबी-रुंदीचे प्रमाण जुळलेले नसते. समजा टॅब्लेटचे क्षेत्र 254 गुणिले 159 मिलिमीटर आहे, म्हणजे 16:10, आणि पडदा 1920 गुणिले 1080 पिक्सेलचा, म्हणजे 16:9. ड्रायव्हर आपण होऊन अख्खी पाटी अख्ख्या पडद्यावर ताणून बसवतो. आडव्या दिशेला एका मिलिमीटरला 7.56 पिक्सेल पडतात आणि उभ्या दिशेला 6.79. हाताने 50 मिलिमीटरचे नेटके वर्तुळ काढले तरी पडद्यावर ते 378 पिक्सेल रुंद आणि 340 पिक्सेल उंच उमटते. चेहरे चपटे येतात, आणि चित्रकार आपल्या रेखाटनाला दोष देत राहतो. दोन पडदे शेजारी जोडलेले असतील आणि टॅब्लेट दोन्हींवर पसरलेला असेल, तर वर्तुळ उंचीच्या दुपटीहून रुंद होते.

उपाय ड्रायव्हरच्या ‘मॅपिंग’ किंवा ‘वर्क एरिया’ या पानावर आहे. आधी पडदा एकच निवडा. मग ‘फोर्स प्रपोर्शन्स’, ‘कीप रेशो’ अशा नावाची खूण करा. ती नसेल तर हिशेब हाताने करा: 254 ला 16 ने भागून 9 ने गुणले की 143 मिलिमीटर. उंची तेवढी ठेवली की खालची 16 मिलिमीटरची पट्टी निकामी होते, होऊ द्या. मग बाटलीचे गोल झाकण पाटीवर ठेवून कडेने पेन फिरवा आणि उमटलेल्या आकाराची उंची-रुंदी पिक्सेलमध्ये मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. त्याच पानावर ‘पेन मोड’ आणि ‘माउस मोड’ असा पर्याय दिसेल. रेखाटनासाठी पेन मोडच हवा, कारण त्यात पाटीवरची प्रत्येक जागा पडद्यावरच्या एकाच जागेशी बांधलेली असते. हाताला सवय लागते ती या बांधणीची. म्हणून एकदा मॅपिंग ठरले की ते पुन्हा बदलू नये. प्रत्येक बदलात हात नव्याने शिकवावा लागतो.

ड्रायव्हरचा गोंधळ हा दुसरा मोठा अडसर. आधीच्या टॅब्लेटचा ड्रायव्हर संगणकावर तसाच राहिला असेल तर नव्याशी त्याची मारामारी होते. जुना पूर्ण काढा, संगणक पुन्हा सुरू करा, नवा ड्रायव्हर निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घ्या आणि केबल हबऐवजी थेट संगणकाला जोडा. मग सर्वांत आधी ड्रायव्हरच्याच चाचणीच्या चौकटीत दाब पाहा. तिथे दाबाचा पट्टा खालीवर होत असेल आणि चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये रेषा एकसारख्या जाडीची येत असेल, तर दोष सॉफ्टवेअरच्या किंवा ब्रशच्या सेटिंगमध्ये आहे. तिथेच पट्टा हलत नसेल तर तो ड्रायव्हर, पेन किंवा निबेत (पेनाच्या बदलता येणाऱ्या टोकात) आहे. ही एक तपासणी केली तर पुढचे तासन्‌तासांचे भटकणे वाचते.

विंडोजवर पेन टेकवून क्षणभर थांबले की कर्सरभोवती एक गोल कडे येते आणि रेषा उशिरा सुरू होते. विंडोज त्याला माउसचे उजवे बटण समजत असते. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘पेन अँड टच’मध्ये जाऊन ‘प्रेस अँड होल्ड’ची खूण काढली की ते थांबते. दाबाची माहिती सॉफ्टवेअरला देण्याचे विंडोजवर दोन मार्ग आहेत: विंडोज इंक आणि जुना विनटॅब. ड्रायव्हर एका मार्गाने बोलतो आणि सॉफ्टवेअर दुसऱ्यावर कान देऊन बसते, तेव्हा कर्सर नीट चालतो पण दाब पोहोचत नाही. क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘टॅब्लेट सेटिंग्ज’ या पानावर हा मार्ग निवडता येतो. बदल केल्यावर क्रिता बंद करून उघडावे. फोटोशॉप आपण होऊन विंडोज इंक वापरते. म्हणून ड्रायव्हरमध्ये विंडोज इंकची खूण काढून टाकणाऱ्यांचा दाब तिथे गायब होतो. ती खूण परत केली की बहुतेकांचे काम होते. विनटॅबच हवा असेल तर फोटोशॉपच्या सेटिंग्ज फोल्डरमध्ये ‘पीएसयूजरकॉन्फिग’ नावाची टेक्स्ट फाइल ठेवून तिच्यात ‘यूजसिस्टमस्टायलस’ आणि एक जागा सोडून 0 असे लिहावे लागते. फाइलचे नाव आणि तो शब्द अर्थात रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता. गिंप या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरच्या 2.10 मालिकेत ‘एडिट’ मेनूतील ‘इनपुट डिव्हायसेस’मध्ये पेन शोधून त्याचा मोड ‘स्क्रीन’ करावा लागतो. तो ‘डिसेबल्ड’ असेपर्यंत कितीही जोर दिला तरी रेषा सपाटच येते. मॅकवर कारण बहुधा परवानगीचे असते. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मधल्या ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ आणि ‘इनपुट मॉनिटरिंग’ या दोन्ही याद्यांत टॅब्लेटच्या ड्रायव्हरला मुभा हवी. मॅकओएसची आवृत्ती बदलल्यावर टॅब्लेट अचानक मुका झाला, तर पहिला संशय या परवानग्यांवर घ्यावा.

दाब पोहोचू लागला की दाबाचा आलेख लावायचा. हा आलेख म्हणजे हाताचा किती जोर म्हणजे ब्रशची किती ताकद, हे सांगणारी वक्ररेषा. अनेकांना ती आल्या तशी जड पडते. पूर्ण जाडी मिळवायला ते पेन रोवतात, त्यातून निब झिजते, पृष्ठभागावर चर पडतात आणि अंगठ्याचा सांधा दुखू लागतो. रोज लिहिताना जेवढा जोर देता तेवढ्यात ब्रशची सुमारे 70 टक्के ताकद मिळावी आणि थोडा जास्त जोर दिल्यावर पूर्ण मिळावी, इतका आलेख मऊ करा. रेषेला नको तिथे ठिपके उमटत असतील तर आलेखाचे सुरुवातीचे टोक जरासे उजवीकडे सरकवा. आलेख ड्रायव्हरमध्ये असतो तसा क्रितासारख्या सॉफ्टवेअरमध्येही असतो. दोन्हीकडे बदल करू नका. एक सरळ ठेवून दुसऱ्यातच काय ते करा, नाहीतर दोन्ही एकमेकांवर चढतात आणि कशामुळे काय झाले ते कळेनासे होते.

बसण्याची जागाही जुळणीतच मोजायला हवी. टॅब्लेटचा मध्य आणि पडद्याचा मध्य एका रेषेत असावा, कीबोर्ड डाव्या हाताला किंवा मागे सरकवलेला असावा, आणि पाटीची वरची कड पडद्याला समांतर असावी. कागद तिरका धरून काढायची सवय असलेले टॅब्लेटही तिरका ठेवतात. मग सरळ आडवी ओढलेली रेषा तितक्याच अंशांनी चढते किंवा उतरते. तिरके करायचेच असेल तर कॅनव्हास, म्हणजे सॉफ्टवेअरमधला चित्राचा कागद, करावा. फोटोशॉपमध्ये ‘आर’ या कळीने, क्रितात 4 आणि 6 या कळांनी तो फिरतो आणि 5 ने परत सरळ होतो. लांब फटकारा मनगटातून येत नाही, कोपरातून येतो. मनगटाने काढलेली लांब रेषा नेहमी कमानीसारखी वाकते.

चित्र रंगवताना गोंधळ होतो तो ओपॅसिटी (रंगाच्या अपारदर्शकतेची मर्यादा) आणि फ्लो (ब्रशच्या प्रत्येक ठशात उतरणारा रंग) यांत. ओपॅसिटी 30 टक्के आणि फ्लो 100 असेल, तर पेन न उचलता त्याच जागी कितीही घासले तरी रंग 30 टक्क्यांच्या वर जात नाही. फ्लो 5 टक्के ठेवला तर प्रत्येक फेरीगणिक रंग साचत जातो आणि ओपॅसिटीच्या मर्यादेपर्यंत चढतो. सपाट, स्वच्छ कडांची छटा हवी तिथे दाब ओपॅसिटीला जोडावा. एका छटेतून दुसरीत विरघळत जायचे असेल तिथे फ्लोला. जाडी, ओपॅसिटी आणि फ्लो या तिन्हींना एकाच वेळी दाब जोडणे ही नवशिक्यांची आवडती चूक आहे. मग बारीक रेषा फिकटच येते आणि गडद रेषा जाडच येते. बारीक पण गडद रेषा काढताच येत नाही. रेखाटनाच्या ब्रशला फक्त जाडी द्या, रंगाच्या ब्रशला फक्त ओपॅसिटी किंवा फ्लो. फोटोशॉपमध्ये वरच्या पट्टीत दाबाची दोन छोटी बटणे असतात, एक जाडीचे आणि एक ओपॅसिटीचे. ती सुरू असली की ब्रशच्या स्वतःच्या सेटिंगवर मात करतात. ‘ब्रशमध्ये दाब बंद केला तरी येतोच’ या कोड्याचे उत्तर बहुधा तिथे मिळते.

रेषा पेनामागे रेंगाळत असेल तर टॅब्लेटला दोष देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा. पहिली, स्मूदिंग किंवा स्टॅबिलायझर. रेषा गुळगुळीत करायला सॉफ्टवेअर मागचे काही बिंदू धरून सरासरी काढते, आणि सरासरीला वेळ लागतो. शाईच्या स्वच्छ रेषेसाठी स्टॅबिलायझर फार उपयोगी आहे, पण कच्च्या रेखाटनात तो हाताचा जिवंतपणा काढून घेतो. तिथे बंदच ठेवावा. दुसरी, ब्रशमधले अंतर. ब्रश म्हणजे प्रत्यक्षात एकामागून एक उमटवलेले ठसे. फोटोशॉपच्या साध्या गोल ब्रशमध्ये हे अंतर व्यासाच्या 25 टक्के असते; जाड, कडक कडेच्या ब्रशची कड त्याने दातेरी दिसू शकते, म्हणून ते 8-10 टक्क्यांवर आणतात. 1 टक्क्यावर आणले तर पंचवीसपट ठसे उमटवावे लागतात आणि मोठा ब्रश अडखळतो. तिसरी, कॅनव्हासचा आकार. ए4 कागद 300 पीपीआयला (इंचाला 300 पिक्सेल) 2480 गुणिले 3508 पिक्सेल होतो. पूर्ण भरलेला एक लेयर (चित्राचा एकावर एक रचलेल्या थरांपैकी एक) 8 बिटमध्ये सुमारे 35 मेगाबाइट स्मृती घेतो, 16 बिटमध्ये 70. असे 16 बिटचे वीस लेयर झाले की 1400 मेगाबाइट लागतात. कच्चे रेखाटन निम्म्या आकारात करून नंतर मोठे केले तरी चालते, रंगकामाला मात्र पूर्ण आकार घ्यावा.

फोटो संपादनात टॅब्लेटची किंमत खऱ्या अर्थाने वसूल होते, आणि त्याविषयीच सर्वांत कमी लिहिले जाते. छायाप्रकाश सुधारण्याचे काम घ्या. मूळ फोटोवर नवा लेयर, त्याचा मोड (खालच्या लेयरमध्ये मिसळण्याची रीत) ‘सॉफ्ट लाइट’, त्यात 50 टक्के राखाडी भरलेला. या मोडमध्ये हा राखाडी अदृश्य असतो. ब्रशची कड पूर्ण मऊ, फ्लो 2 ते 4 टक्के, दाब फ्लोला जोडलेला. पांढऱ्याने उजळ, काळ्याने गडद. एका फटकाऱ्यात काही बदलले असे जाणवता कामा नये. पाच-सहा हलक्या फेऱ्यांत फरक उमलावा. जाणवलाच तर फ्लो जास्त आहे. सगळ्यांच्या वर तात्पुरता कृष्णधवल लेयर ठेवून काम केले तर रंगांनी डोळा फसत नाही, नुसता उजेड दिसतो. आणि हे काम 50 ते 100 टक्के झूमवर करावे. 300 टक्क्यांवर त्वचेचे प्रत्येक छिद्र खटकते, ते घासून काढले जाते, आणि मागे येऊन पाहिले की चेहरा मेणाचा झालेला असतो. आकाशासारख्या मोठ्या, संथ छटांच्या भागात फाइल 16 बिटमध्ये असावी. 8 बिटमध्ये हलके हलके बदल करत गेले की छटांचे पट्टे पडतात.

फोटोतल्या एका जागेचा भाग दुसरीकडे उमटवणाऱ्या क्लोन स्टॅम्पला दाब ओपॅसिटीशी कधी जोडू नये. अर्धपारदर्शक ठसा म्हणजे खालचा कण आणि वरचा कण यांची सरासरी. सरासरीत दोन्हींचा खरखरीतपणा मरतो आणि तिथे धुरकट डाग राहतो. अनेक दुरुस्त फोटोंत भिंतीवर, गवतावर असे मऊ डाग दिसतात ते याचमुळे. दाब जाडीला जोडा, ओपॅसिटी 100 ठेवा आणि कडेचा कठीणपणा 50 ते 80 टक्के. डाग काढायचा हीलिंग ब्रश नेहमी वेगळ्या रिकाम्या लेयरवर, ‘करंट अँड बिलो’ (चालू आणि खालचे लेयर) असा नमुना घेऊन चालवावा, म्हणजे चुकले तर तो लेयर पुसता येतो आणि मूळ फोटो शाबूत राहतो.

केसांच्या कडेचा मास्क हे माउसने जवळजवळ अशक्य आणि पेनाने शांतपणे होणारे काम. जाडीला दाब द्या, ‘किमान व्यास’ 0 ठेवा, ओपॅसिटीचा दाब बंद ठेवा. बट मुळापासून टोकाकडे, ज्या दिशेने वाढली त्याच दिशेने ओढा आणि शेवटाला पेन न थांबवता उचला. रेषा आपोआप निमुळती होते. टोकाकडून मुळाकडे ओढले तर सुरुवातीला गाठ येते. ओपॅसिटीचा दाब सुरू राहिला तर कडेला राखाडी झालर तयार होते आणि नव्या पार्श्वभूमीवर जुन्या पार्श्वभूमीचा रंग तिथून डोकावतो. मास्क पूर्ण झाला की पार्श्वभूमी एकदा पांढरी आणि एकदा काळी करून पाहा. झालर असेल तर दोहोंपैकी एकीवर नक्की दिसते.

पेनावरच्या बटणांचा नीट विचार केला तर कामाचा वेग दुपटीने वाढल्यासारखा वाटतो. खालच्या बटणावर माउसचे उजवे बटण ठेवा. मग विंडोजवर फोटोशॉपमध्ये डाव्या हाताने ‘आल्ट’ दाबून, ते बटण धरून पेन आडवे नेले की ब्रशची जाडी बदलते, उभे नेले की कडेचा मऊपणा. क्रितात ‘शिफ्ट’ धरून पेन ओढले की जाडी बदलते. टॅब्लेटवरच्या कळांना केलेली कृती मागे घेणे (अनडू), कॅनव्हास सरकवणे, रंग उचलणे आणि कॅनव्हास फिरवणे एवढी चारच कामे द्या. आठ कळा भरल्या तर आठवत नाहीत. अंगठा लागून पेनाचे बटण चुकून दाबले जात असेल तर ते सरळ निष्क्रिय करावे.

पडदा असलेल्या टॅब्लेटविषयी थोडक्यात. हात आणि रेषा एकाच जागी दिसते, त्यामुळे शाईकामाला तो सुखद आहे. पण तो दुसरा पडदाच असल्याने त्याचे रंग वेगळे जुळवावे लागतात. नाहीतर एकाच फोटोचे दोन पडद्यांवर दोन रंग दिसतात. मान खाली राहते, म्हणून उभा करायचा स्टँड लागतो. फोटो संपादनासाठी रंग जुळवलेला चांगला पडदा आणि साधी पाटी ही जोडी अधिक भरवशाची.

हात बसायला साधारण दोन आठवडे लागतात, रोज पंधरा-वीस मिनिटे दिली तर. पडद्यावर दोन ठिपके द्यावेत आणि एका फटकाऱ्यात जोडावेत. एकाच दाबाने समांतर रेषा भराव्यात. मग हळूहळू वाढणाऱ्या आणि हळूहळू उतरणाऱ्या दाबाने. या काळात माउस बाजूला ठेवून फोल्डर उघडणे, मेनू निवडणे हेही पेनानेच करावे. नजर आणि हात यांची सांगड या किरकोळ कामांतूनच लवकर जमते.

शेवटी निब. ती प्लास्टिकची असते आणि झिजण्यासाठीच असते. तिरक्या धरण्यामुळे एका बाजूला छिन्नीसारखी धार येते; ती धार पृष्ठभाग ओरबाडते आणि मग नवी निबही त्या चरांत अडकते. बोट फिरवून धार जाणवली की निब बदला, पूर्ण संपायची वाट पाहू नका. सोबत मिळालेल्या कडीच्या चिमट्यात निब धरून सरळ ओढावी, वाकवू नये. नवी बसवताना ती शेवटपर्यंत आत गेली नाही किंवा आत धूळ राहिली, तर पेन हवेत असतानाच रेषा उमटू लागते. निब काढून, फुंकर मारून पुन्हा बसवली की बहुधा ते थांबते. पेन टोकावर उभे करून घट्ट खाचेत ठेवू नये; दाबाच्या संवेदकावर सतत भार राहून तो बिघडतो. पृष्ठभाग ओलसर, पिळलेल्या मऊ फडक्याने पुसावा. पाटीवर कागद चिकटवून काढणाऱ्यांची निब फार लवकर संपते, पण पेन्सिलसारखा खरखरीत स्पर्श हवाच असेल तर तो खर्च मान्य करून खुशाल चिकटवावा. पातळ कागदातून पेन व्यवस्थित चालते.

आपला,
एक नियमित वाचक